एका बुचाची सेकंड इनिंग

आपल्या प्रत्येकाच्या घरात एक 'सगळ्याचा' ड्रॉवर असतो. त्यात डिस्चार्ज झालेले सेल असतात, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या असतात, पिझ्झासोबत आलेली ओरेगॅनोची पाकिटं असतात आणि तीन फोनपूर्वीचा चार्जर असतो. त्याच गर्दीत एक चोचीचं बूच हमखास सापडतं. खाली रबराच्या चकत्यांचा बुंधा, वर स्टीलची वाकडी नळी. कुणाच्या तरी लग्नात मिळालेल्या नाहीतर ड्युटी फ्रीमधून आलेल्या बार-सेटमधलं. सेटमधले ग्लास फुटले, आइस-टॉंग हरवला, हे मात्र टिकून आहे.

बारटेंडर मंडळी त्याला 'पोअरर' म्हणतात. तुळशीबागेत मागायचं असेल तर 'तेलाच्या बाटलीचं नॉझल' म्हणा, लगेच कळतं. शंभर-दोनशे रुपयांत जोडी मिळते. आणि बॉस, स्वयंपाकघरात, बाल्कनीत, इस्त्रीच्या टेबलावर एवढ्या पैशांत इतकं राबणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

मी नाशिकची. गेली आठ वर्षं नोकरीसाठी मुंबईत, अंधेरीला एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट शेअर करते. आमचं किचन इतकं छोटं की एकीनं फ्रिज उघडला की दुसरीनं हॉलमध्ये जायचं. अशा किचनमध्ये एखादी वस्तू ओट्यावर राहायची असेल तर तिला एकापेक्षा जास्त कामं यायलाच हवीत. पोअररला येतात. पण आधी तो करतो काय, ते बघू.

गुडगुड का होते?

भरलेली बाटली उलटी करा. पाणी सरळ पडत नाही. गुडगुड, थांबा, परत गुडगुड. कारण साधं आहे. बाटलीतून पाणी बाहेर पडलं की आत जागा रिकामी होते आणि ती भरायला बाहेरून हवा आत जावी लागते. तोंड एकच. मग कधी पाणी बाहेर, कधी हवा आत, अशी लोकलच्या दारासारखी ढकलाढकली चालते. म्हणूनच ओतताना तेल एकदम भसकन येतं आणि कढईऐवजी ओट्यावर सांडतं.

आपल्या किराणा दुकानदारांना हे गणित कुठल्याही फिजिक्सच्या पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना ते एक नाही, दोन भोकं पाडायचे. एक तेलासाठी, समोरचं हवेसाठी. पोअररमध्ये अगदी तीच आयडिया आहे. मोठ्या चोचीतून तेल बाहेर येतं आणि बाजूच्या बारीक नळीतून हवा आत जाते. दोघांची वाट वेगळी, त्यामुळे भांडण नाही. धार एकसारखी पडते आणि आवाज जवळजवळ येतच नाही. ओतताना हवेचं छोटं भोक वरच्या बाजूला ठेवलं की झालं.

धार एकसारखी आली की ती मोजता येते, आणि पोअररचा खरा फंडा तोच आहे. बारमधला मुलगा मेजर न वापरता ओततो तेव्हा तो मनात आकडे म्हणत असतो. साधारण एका आकड्याला १५ मिली. दोनपर्यंत मोजलं की ३० मिलीचा स्मॉल, चारपर्यंत मोजलं की ६० मिलीचा लार्ज. आता हीच ट्रिक फोडणीला लावा.

एक स्मॉल, रोज

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या रोजच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. ग्रॅम म्हटलं की आपल्याला काही कळत नाही. तर हिशोब असा: एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे २७ ग्रॅम तेल झालं जवळजवळ ३० मिली. थोडक्यात, माणशी दिवसाला एक स्मॉल पेग! त्यातच सकाळच्या पोह्यांची फोडणी, दुपारची भाजी, रात्रीच्या वरणावरचं तूप, सगळं आलं.

तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. पोहे करताना 'जरा अंदाजाने' पडलेलं एक जास्तीचं टेबलस्पून म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. जिममधल्या ट्रेडमिलवर त्या घालवायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेल १० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये यावर दोन दिवस चर्चा चालली. सगळ्यांना पटलं होतं. पण दहा टक्के कमी म्हणजे नेमकं किती, हे कुणालाच सांगता येईना, कारण आधी किती घालतो तेच कुणी मोजलं नव्हतं.

मोजायचं कसं? कफ सिरपच्या बाटलीवर येतं ना, ते ५, १०, १५ मिलीच्या रेघा असलेलं प्लॅस्टिकचं टोपण, ते घ्या. पोअरर लावलेल्या बाटलीतून त्यात तेल ओता आणि मनात एका लयीत आकडे म्हणा. १५ मिलीच्या रेघेपर्यंत कितीवर आलात ते लक्षात ठेवा. हे पाण्यानं करू नका. तेल पाण्यापेक्षा दाट, त्याची धार हळू पडते, त्यामुळे आकडा वेगळा येतो. माझ्या बुचातून शेंगदाणा तेल दोनच्या थोडं पुढे १५ मिली होतं. तुमचं वेगळं असेल. एकदा आकडा बसला की डाएटच्या अ‍ॅपपेक्षा पक्का.

दहा कामांचा कामगार

आता लिस्ट. यातली प्रत्येक गोष्ट आमच्या दोन घरांपैकी एकात रोज चालते.

थालीपीठ: थालिपीठाला मधे भोक पाडून त्यात तेल सोडायचं असतं. चमच्याने सोडलं की निम्मं कडेला जातं. पोअररची बारीक धार बरोब्बर भोकात जाते. डोशाच्या कडेने गोल फिरवायलाही हाच.

कोकम आगळ आणि सरबतं: आगळ खारट आणि दाट रंगाचं, एक थेंब पांढऱ्या कुर्त्यावर पडला तर कुर्ता गेला. पोअरर लावलं की सोलकढीसाठी हवं तेवढंच पडतं. सोया सॉस आणि व्हिनेगरलाही तेच. काकवी आणि मध मात्र यातून उतरत नाहीत, नळी चोंदते. त्यांना चमचाच बरा.

भांडी घासायचं लिक्विड: पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो पण उचलून ओतणं म्हणजे वेटलिफ्टिंग. छोट्या बाटलीत थोडं पाणी घालून पातळ करा, पोअरर लावा, सिंकजवळ ठेवा. स्पंजावर एक आकडा पुरतो. ही बाटली दिसायलाच वेगळी ठेवा आणि वर मोठं लेबल लावा.

स्टीम इस्त्री: पाणी भरायचं ते भोक कुणी डिझाइन केलंय देव जाणे. त्यात ग्लासनं पाणी भरून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे कटिंग चहा. पोअररनं थेंब न सांडता भरतं. प्लग मात्र आधी काढा.

खिडकीतल्या कुंड्या: ग्रिलमधल्या पुदिन्याला तांब्याने पाणी घातलं की माती उसळून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. बारीक धारेनं माती जागची हलत नाही, आणि काकूही.

खोबरेल तेल: केसांना लावायच्या तेलाच्या बाटलीलाही छान बसतं. फक्त खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. मुंबईत चालून जातं, नाशिक-पुण्याच्या थंडीत नळीतच साबुदाणा होतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत सुट्टी द्या.

इन्व्हर्टरची बॅटरी: डिस्टिल्ड वॉटर भरायला प्लॅस्टिकच्या चोचीचं बूच मस्त. स्टीलचं चुकूनही नको. बॅटरीच्या टर्मिनल्सना धातू लागला तर शॉर्ट होईल.

आता पोअररचा सख्खा भाऊ, म्हणजे स्टॉपर, नुसतं बंद करणारं बूच. हे खानदान जुनं आहे. आपला गोटी सोडा आठवा. बाटलीच्या गळ्यातली काचेची गोटी आतल्या गॅसच्याच दाबानं वर ढकलली जाते आणि रबराच्या रिंगला चिकटून बाटली बंद करते. हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही करामत, १८७०च्या दशकातली. मग अमेरिकेत विल्यम पेंटरने १८९२ मध्ये दातेरी पत्र्याच्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं. लहानपणी आपण जे बिल्ले ठोकून चपटे करून खेळायचो, तेच ते.

पार्टीनंतर काचेच्या बाटलीत अर्धा सोडा उरला तर दोन्ही बाजूंनी पकडणारं क्लॅम्पवालं स्टॉपर लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. थंड पाण्यात गॅस जास्त टिकतो. पोअरर लावून ठेवलात तर सकाळी हाती फक्त पाणी. त्याची हवेची नळी कायम उघडी असते हे विसरायचं नाही. वाइनचंही तसंच. नाशिकची मुलगी म्हणून एवढं सांगायचा हक्क आहे मला. उघडलेली रेड वाइन घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, पोअररवर ती दुसऱ्या दिवशीच आंबट लागायला लागते.

आवाज नसलेली बाटली

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की आमच्या घरी हे बूच आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तसं झालं नाही. नाशिकच्या घरी आईनं ते सहा वर्षं स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं.

त्याला कारण होतं. बाबा रोज प्यायचे. आरडाओरडा नाही, तमाशा नाही. संध्याकाळी आठ वाजता हॉलमधलं कपाट उघडायचं, बाटली निघायची, बातम्या लागायच्या. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत असायची. मधे भिंत. पण बाटलीची गुडगुड ऐकू यायची, आणि ती ऐकून आई मोजायची. पहिला. दुसरा. तिसऱ्यानंतर ती ताट वाढायला घ्यायची, म्हणजे चौथा होणार नाही. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. हा तिचा स्वतःचा बंदोबस्त होता, बिनबोभाट.

मग मामा दुबईहून आला आणि त्यानं बाबांना बार-सेट दिला. त्यात हे बूच. बाबांना जाम आवडलं. हात थरथरला तरी सांडत नाही, धार कशी एकसारखी, सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. आणि त्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज येणं बंद झालं. आईला किती झाले ते कळेनासं झालं.

हे तिनं मला सांगितलं ते खूप नंतर. तेव्हा मला एवढंच दिसायचं की ती त्या बुचाकडे बघायची सुद्धा नाही.

२०१७ मध्ये बाबांचे लिव्हरचे रिपोर्ट आले. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सांगितलं, आज इथे आहात, पुढची पायरी ही, आणि तिथून परतीची गाडी नाही. बाबांनी सोडली. हे वाक्य लिहायला दोन सेकंद लागतात. प्रत्यक्षात त्याला दीड वर्ष लागलं, डॉक्टरांकडच्या फेऱ्या लागल्या, दर गुरुवारचा एक ग्रुप लागला आणि संध्याकाळी आठ ते नऊ हा तास कसा घालवायचा हा प्रश्न लागला. त्या तासाला बाबा चालायला जायला लागले. गंगापूर रोडवरचे सगळे कुत्रे त्यांना ओळखतात.

बाटल्या गेल्या, ग्लास भंगारात गेले. बूच राहिलं ड्रॉवरमध्ये.

२०२१ मध्ये आईला संधिवाताचं निदान झालं. सकाळी उठल्यावर बोटं तासभर वळत नाहीत, गाठी सुजलेल्या. स्टीलची तेलाची बुधली तिच्या हातातून दोनदा निसटली. दुसऱ्या वेळी फरशीवर तेल पसरलं आणि ती घसरता घसरता ओट्याला धरून वाचली. त्या आठवड्यात मी पोअररची जोडी घेऊन घरी गेले. शुक्रवारची पंचवटी, पर्समध्ये बूच. आईनं पाकीट उघडून बघितलं आणि म्हणाली, "हे दारूच्या बाटलीचं. माझ्या स्वयंपाकघरात नको."

मी सगळं लॉजिक सांगितलं. फिजिक्स सांगितलं. डब्याची दोन भोकं सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि मग ती भिंतीपलीकडच्या मोजण्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. त्यानंतर लॉजिक सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी जोडी परत पर्समध्ये टाकली.

मार्ग निघाला तो तिच्याच हातानं. पुढच्या खेपेला मी झाकणवालं बूच आणलं. वाकवलं की झाकण आपोआप उघडतं, सरळ केलं की बंद. दिसायला ते बारमधल्यापेक्षा वेगळं. आईनं ते हातात घेऊन चार-पाच वेळा टिकटिक वाजवून बघितलं. "हे ठीक आहे. याचा आवाज येतो," म्हणाली. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीला ते लावलं. हलकी बाटली, मुठीत धरता येणारी, बोटांच्या टोकांवर जोर नाही. सहा महिन्यांत ती थालीपीठ परत स्वतः लावायला लागली. बाबांना डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय, त्यामुळे ती आता फोडणीला आकडे म्हणते. मोजायची सवय तिला आधीपासूनच होती.

नऊ रात्री

आमच्या घरी घटस्थापना असते. नऊ दिवस नंदादीप विझू द्यायचा नाही. दिवसा ठीक असतं, पण रात्री दोन-तीनला उठून समईत तेल घालावं लागतं. घरातलं हे काम कायम आईचं. २०२३ च्या नवरात्रात पहिल्याच रात्री पळीनं तेल घालताना तिचा हात वाकडा झाला, तेल वातीवर गेलं, ज्योत फडफडली. विझली नाही. पण ती घाबरली. सकाळी चहा घेताना म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून बंद करू या आपण हे. माझ्यानं नाही होत."

बाबा काही बोलले नाहीत. दुपारी मी बघितलं तर ते ड्रॉवर उपसत बसले होते. ते जुनं, दुबईचं बूच त्यांनी शोधून काढलं, हातात धरून आईसमोर उभे राहिले.

"अगं, यानं घालू का तेल? धार बारीक पडते. रात्री मी उठत जाईन."

आईनं बुचाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी कांदा चिरत होते, मी चिरायची थांबले.

"गरम पाण्यातून दोनदा काढा," ती म्हणाली. "आणि सोवळ्याच्या कोरड्या फडक्यानं पुसा. नळीत पाणी राहायला नको."

बाबांनी दोनदा नाही, चारदा काढलं. नवी बाटली आणली, तिळाचं तेल भरलं. उरलेल्या आठ रात्री ते दोन वाजता उठले. एकदा मी पण जागी होते. देवघरात अंधार, समईचा तेवढा उजेड. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, बाटली तिरकी, तोंडातल्या तोंडात आकडे. एक, दोन. ज्योत जरासुद्धा हलली नाही. ज्या हाताला इतकी वर्षं साठ मिलीचा अंदाज होता, त्या हाताला समईचा अंदाज यायला किती वेळ लागणार?

सकाळी आई म्हणाली, "अहो, रात्री तेल कधी घातलंत? मला कळलंच नाही."

"दोनला," बाबा म्हणाले.

तेव्हापासून ते बूच देवघरात असतं. माझ्या आत्यानं एकदा नाक मुरडलं, "तसलं बूच देवाला?" आईनं तिला सांगितलं की धुतलेलं आहे. विषय संपला.

सांभाळायचं कसं

आता प्रॅक्टिकल गोष्टी, कारण बूच घेऊन तीन महिन्यांत चिकट करून फेकून देणारे खूप बघितलेत.

बाटली: दारूच्या बऱ्याच बाटल्यांच्या गळ्यात प्लॅस्टिकची फिक्स गोळी बसवलेली असते, बाटली परत भरता येऊ नये म्हणून. तिच्यावर पोअरर बसत नाही. वाइनच्या, सरबताच्या किंवा नुसत्या तेलासाठी मिळणाऱ्या काचेच्या बाटल्या घ्या. गडद रंगाची मिळाली तर उत्तम. उजेड, उष्णता आणि हवा या तिघांनी तेल खवट होतं. म्हणून बाटली गॅसच्या अगदी शेजारी नको, आणि आठ-दहा दिवसांत संपेल एवढंच तेल भरा. मोठा कॅन झाकण लावून कपाटात.

धुणं: आठवड्यातून एकदा गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. बारीक हवेची नळी स्ट्रॉ साफ करायच्या ब्रशनं घासा. ती चोंदली की गुडगुड परत सुरू. मग पूर्ण वाळवा. नळीत राहिलेलं पाणी तेलात उतरलं की फोडणीत तडतड उडतं.

झाकण: उघड्या चोचीत धूळ जाते, मुंग्या जातात, आणि झुरळांबद्दल मी बोलत नाही. झाकणवालं घ्या, नाहीतर रबरी टोपी लावा.

काय करायचं नाही: कढईतलं गरम तेल बाटलीत ओतायचं नाही, काच तडकते. लसूण घालून ठेवलेलं तेल पोअरर लावून ओट्यावर ठेवायचं नाही. बाहेरच्या तापमानाला त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि ते वासानं कळत नाही. करायचंच तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. आणि फिनाइल, अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर यांना पोअरर कधीही लावायचा नाही. लहान मुलाला किंवा अर्धवट झोपेतल्या माणसाला चोचीची बाटली म्हणजे सरबतच वाटतं. त्या बाटल्या कंपनीच्याच लेबलसह, कंपनीच्याच झाकणासह, कुलपात.

शेवटचं एक काम. पोअरर लावाल त्या दिवशी कॅलेंडरवर तारीख लिहा, आणि पाच लिटरचा कॅन संपेल तेव्हा दुसरी. माणशी दिवसाला ३० मिली धरलं तर तिघांच्या घरात तो साधारण आठ आठवडे पुरायला हवा. नाशिकला आधी पाच आठवड्यांत संपायचा, आता सात आठवडे जातो. आठवा आठवडा अडलाय तो बाबांच्या रविवारच्या भज्यांमुळे. त्यावर आईनं अजून काही उपाय काढलेला नाही, आणि माझ्या मते ती मुद्दामच काढत नाही.